बेंबीभोवतीच्या फुल्या

१३ एप्रिल, रविवार

जत्रेचा दुसरा दिवस. पालखी दारात आली आणि ढोलवाल्या पोरांनी एवढा धुडगूस घातला की फळीवरची भांडी वाजायला लागली. देवळाच्या मांडवातली लाईट दोनदा गेली. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, तरी फ्यूज उडाला की भरे गावातली माणसं अजून माझ्याच नावाने हाका मारतात. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

रेश्मा परवाच सासरहून, जांब्याहून आली आहे, लहानग्या अनुष्काला घेऊन. लग्न होऊन पाच वर्षं झाली, पण लेकीने माहेरची एक जत्रा चुकवलेली नाही. काल दुपारपासून तिच्या पोटात दुखतंय. आतल्या खोलीत पाय पोटाशी घेऊन पडली होती. मी डोकावलो तर तिची आई, गोजरा, म्हणाली, "बायकांचं दुखणं हाय. तुमी जावा कुस्त्यांला."

निघायच्या आधी जावई शेखरराव आले, मोटारसायकलवर. ते हिंजवडीत कंपनीची बस चालवतात, दुपारच्या पाळीला जायच्या आधी आले होते. म्हणाले, "रेश्माचा फोन आलता. पिरंगुटला डॉक्टरला दावून आणतो." मी म्हटलं, "जत्रंच्या दिशी लेकीला दारातनं उठवून नेत्यात व्हय? पाव्हणं काय म्हणतील? आन आज कोन डॉक्टर बसलाय तुमची वाट बघत? उद्या बघू." ते आत जाऊन तिच्याशी बोलून आले. ताट वाढलं तर चार घास खाऊन उठले. जावयाने ताट असं अर्धं टाकलेलं मला खपत नाही. पाव्हण्यांसमोर काही बोललो नाही, पण तोंड वाकडं झालंच असेल.

कुस्त्या बऱ्या झाल्या. येताना अनुष्काला भिरभिरं आणलं.

१४ एप्रिल, सोमवार

रेश्मा सकाळी आपणहून उठून ओसरीवर येऊन बसली. "आण्णा, आता बरं वाटतंय," म्हणाली. हसलीसुद्धा. रात्री झोपही लागली म्हणे. मी गोजराकडे बघितलं तर तिचा चेहरा निवडून आलेल्या सरपंचासारखा. एका पोटदुखीचं केवढं कौतुक.

आज जयंती. पलीकडच्या वस्तीत मिरवणूक होती, त्यामुळे जत्रेची वाजंत्री थांबते न थांबते तोच दुसरी सुरू झाली. शेखरराव संध्याकाळी मित्राची गाडी घेऊन आले. रेश्मा गाडीकडे जाताना जरा वाकून चालत होती. मी म्हटलं, "मटन खाल्लं आमी आन वाकलीयास तू." ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आण्णा, हसवू नका, दुखतंय."

गोजराने ओटी भरली. तेव्हा तिचा अंगठा दिसला, काळा कुट्ट, मतदानाची शाई लावल्यासारखा. विचारलं तर म्हणाली केळफूल सोललं. केळफुलाची भाजी काही माझ्या ताटात आलेली नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

रेश्मा गेली. काल.

हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल. मंगळवारपासून ताप आणि उलट्या होत्या म्हणे. जांब्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. बुधवारी शेखर रात्रपाळीला गेला, घरी त्याची आई होती. काल सकाळी तो आला तेव्हा रेश्मा ओळख देत नव्हती. गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की वाटेतच गेली.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली की सरकार चौकशी करतं, आजाराने गेली असली तरी. पोलीस आले. रेश्माला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पौडहून नायब तहसीलदार बाई आल्या, त्यांच्यासमोर पंचनामा झाला. तो मला वाचून दाखवला. त्यात होतं की बेंबीभोवती भाजल्यासारखे काळसर लहान व्रण, फुलीच्या आकाराचे.

भाजल्यासारखे. चादर सरकली तेव्हा मला एक दिसला. बापाने लेकीचं पोट बघायचं नसतं, मी तोंड फिरवलं, पण दिसायचं ते दिसलं होतं. माझी सगळी नोकरी खांबावर गेली. दोन सोबती माझ्या डोळ्यांसमोर भाजले, माझ्या स्वतःच्या दंडावर खुणा आहेत. चटका कसा दिसतो हे मला कोणी शिकवायला नको. उदबत्तीने दिला की तापलेल्या उलथन्याने, एवढंच काय ते विचारायचं राहिलंय.

गोजरा दाराशी बसून एकच घोकत होती, "कापू नका तिला. कापू नका." तिला दंडाला धरून बाहेर नेलं. मी जबाब दिला की माझ्या लेकीला नवऱ्याने चटके दिले आणि त्यातच ती गेली. हवालदार म्हणाले, काका, विचार करून बोला. मी म्हटलं, विचार करूनच बोलतोय. शेखर भिंतीला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि एका शब्दाने नाही म्हणाला नाही.

काल संध्याकाळी ताब्यात दिली. जांब्यालाच अग्नी दिला. मला रडू आलं नाही. आत्ता येतंय.

२२ एप्रिल, मंगळवार

परवा सावडायला गेलो तेव्हा अनुष्काला घेऊन आलो होतो. आज शेखर आईला घेऊन तिला न्यायला आला. मी दोघांना दारातच थांबवलं.

"पोरगी कुटं जायची न्हाई. चौकशी होऊ दे, मग बघू."

त्याची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. शेखरला विचारलं, "तिच्या पोटावरचं डाग कशाचं?"

त्याने मान वर केली. माझ्या खांद्यावरून आत बघितलं, तिथे गोजरा उभी होती. मग खाली बघून म्हणाला, "मला म्हाईत न्हाई, मामा."

"बायकूच्या अंगावर काय हाय ते नवऱ्याला म्हाईत न्हाई?"

ज्याचं मन साफ असतं तो डोळ्याला डोळा देतो. याने दिला नाही. माझ्या अंगणात चपला काढून उभा होता आणि खाली बघत होता. चोर पकडला की असाच उभा राहतो. आकडा टाकून वीज चोरणारे मी कमी बघितलेले नाहीत.

ते गेल्यावर गोजराने गॅस सोडून मागच्या अंगणातली चूल पेटवली. काहीतरी तडतडत होतं आणि धूर असा उग्र की मला ओसरीवर ठसका लागला. विचारलं तर म्हणाली जुनं-पानं जाळतेय. रेश्माच्या लहानपणच्या काही वस्तू असतील. मी मग काही बोललो नाही. ज्याचं त्याने दुःख आपल्या परीने जाळावं.

२५ एप्रिल, शुक्रवार

गोजराचा चेहरा सुजलाय, डोळे अर्धे मिटलेत. बोटांवर फोड आले आहेत. चुलीशी भाजली असणार, तिचं लक्षच नाही कशात. मी माझ्या जुन्या पेटीतली भाजल्यावरची ट्यूब काढून एकेका बोटाला लावली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचे हात असे कधी धरले नव्हते. ती रडायला लागली. मी म्हटलं, "आग हुतीय का?" म्हणाली, "न्हाई. लावा तुमी."

जेवण सोडल्यात जमा आहे. अनुष्काला भरवते आणि ताट घासायला टाकते.

२६ एप्रिल, शनिवार

आज जांब्याला दहावं झालं. मी गेलो नाही. ज्याने मारलं त्याच्या हातचा पिंड बघायला मी जाणार नाही. गोजरा साडी बदलून दारात बसली होती. मी हलत नाही म्हटल्यावर तशीच बसून राहिली. आमचा थोरला रोहित नाशिकहून आला होता, तो एकटा जाऊन आला. येऊन म्हणाला, "आण्णा, शेखरला बघवत न्हाई." मी म्हटलं, मग बघू नको.

४ मे, रविवार

गेणबा येऊन गेला. गावचा पोलीस पाटील म्हणून त्याला तालुक्याच्या बातम्या आधी कळतात, आणि माझा शाळूसोबती म्हणून तो त्या मला सांगतो. डॉक्टरांचा अहवाल आलाय. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता, त्याने गेली. आजाराचं मरण. डागांबद्दल मत राखून ठेवलंय, कातडीचा तुकडा तपासायला पाठवलाय.

मी म्हटलं, "लाथंनं बी फुटतंय आतडं."

गेणबाने चावलेली काडी तोंडातून काढली. मग म्हणाला, "वाल्मीक, राग मानू नको. पोटात दुखतंय म्हनून कुणी काय घातलं बितलं नव्हतं ना? बिब्बा वगैरे?"

मला हसूच आलं असतं, दुसरी वेळ असती तर. रोहित लहान असताना गोजराने त्याच्या पोटदुखीवर बिब्बा तापवून सुईने त्याचं तेल लावलं होतं. पोराला तो उतला. अंगभर फोड, डोळे मिटले, चार दिवस नुसता ओरडत होता. तेव्हा मी बिब्ब्यांचा डबा उकिरड्यावर फेकला आणि गोजराला अख्ख्या आळीसमोर असं फैलावर घेतलं की परत कधी या घरात बिब्ब्याचं नाव निघालं नाही. हे मी गेणबाला सांगितलं. म्हटलं, "खेडवळ औषधपाणी या घरात चालत न्हाई. माझा शब्द हाय तसा."

गोजरा चहा घेऊन आली होती. ठेवला आणि तशीच आत गेली, गेणबाला पाणीही विचारलं नाही. गेणबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. चहा पिऊन उठताना म्हणाला, "चौकशीला वैनीला संगं घिऊन जा." तिची तिथे काय गरज, ते मला कळलं नाही. ती रडण्याशिवाय काय करणार.

९ मे, शुक्रवार

शेखरला बसच्या ठेकेदाराने घरी बसवलंय. चौकशी संपेपर्यंत येऊ नको म्हणाला. जांब्याला त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत परगावची पोरं राहतात, त्यातली दोघं खोली सोडून गेली म्हणे. पोलिसांच्या घरात फेऱ्या असल्या की कोण राहील.

ऐकून मला बरं वाटलं. इथे खोटं लिहीत नाही. बरं वाटलं, आणि जेवताना घास मात्र गिळवत नव्हता.

११ मे, रविवार

आज पुरावा मिळाला.

अनुष्का मागच्या अंगणात खेळत होती. कापडी बाहुलीला आडवं निजवलं होतं. हातात चुलीतला कोळसा. बाहुलीचा फ्रॉक वर करून पोटावर एकेक फुली काढत होती आणि तोंडाने म्हणत होती, "झालं हां, झालं. आता बलं वाटंल."

शेजारी बसून मी हळू विचारलं, "आईच्या पोटावर असं केलं का गं कुणी? जांब्याला ना? पप्पांनी ना?"

तिने मान डोलावली. हातात बिस्किट होतं, ते खात डोलावली, पण डोलावली. साडेतीन वर्षांची पोर. तिच्यासमोर केलं त्याने.

गोजराने धावत येऊन बाहुली हिसकावून घेतली आणि साबण लावून घासत बसली. पोर रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, पुरावा धुतीयास." तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कोणी परका आहे.

सोळा तारखेला पौडला बोलावलंय. मी अनुष्काला नेणार. बापाचं नाव तिच्याच तोंडून निघेल. मग त्याला जेल आणि पोर कायमची आमच्याकडे. रेश्मासाठी एवढं तरी करीन.

१५ मे, गुरुवार

चौकशीबद्दल गोजराने आज पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरीला नेऊ नका. मोठी झाल्याव तिला काय वाटंल? बापाला आपुन घालवला आत?"

मी म्हटलं, "तिनं बघितलंय ते तिनं सांगायचं. झालं."

मग म्हणाली, "मग मी बी येती."

रेश्माला अग्नी दिल्यापासून ती घर सोडून कुठे गेलेली नाही. चला, शेवटी माझ्या बाजूने उभी राहिली.

१६ मे, शुक्रवार

जमेल तसं लिहितो.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात शेखर बाकावर बसला होता. वाळलाय. अनुष्काने माझा हात सोडला आणि धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसली. मी दोनदा हाक मारली. तिने वळून बघितलं नाही.

आत आधी आम्हा दोघांना बोलावलं. नायब तहसीलदार बाई तरुण आहेत, हळू बोलतात. मी सगळं परत सांगितलं आणि म्हटलं, "माझ्याकडं साक्षीदार हाय. पोरीनं डोळ्यांनी बघितलंय."

"एवढ्या लहान मुलीला मी हे विचारणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा, काय पाहिलं तिने?"

मी बाहुलीचं सांगितलं. कोळसा, फुल्या, झालं हां झालं, आता बरं वाटेल. बाईंनी लिहायचं थांबवलं. "आता बरं वाटेल, असं म्हणत होती?" त्यांनी विचारलं. "चटके देणारा माणूस असं म्हणतो का, काका?"

तेवढ्यात शेजारून गोजरा म्हणाली, "बाईसायेब, त्या फुल्या म्या काढल्या."

मी म्हटलं, "अगं, बाहुलीचं न्हाई इचारत त्या."

"बाहुलीचं न्हाई. रेश्माच्या पोटावर. बिब्ब्यानं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "जत्रंच्या दिशी ह्ये कुस्त्यांला गेलं तवा. लई वळवळत हुती, बाईसायेब. सुईनं फुल्या काढल्या बेंबीभवती. पोरगी शेजारीच बसल्याली. मीच म्हनत हुते, झालं हां, झालं. ह्यांनी बिब्ब्याला बंदी घातलीय, म्हनून फळीमागं चोरून ठिवला हुता. मागनं चुलीत घातला." मग तिने आपला अंगठा टेबलावर ठेवला. नखाच्या कडेला अजून काळं आहे.

केळफूल. बोटांवरचे फोड. सुजलेला चेहरा. ट्यूब तर मीच लावली होती. लाईनवर फॉल्ट असला की आधी आपल्या टोकापासून चालत जायचं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. मी थेट जांब्याला जाऊन पोहोचलो होतो.

बाईंनी शेखरला आत बोलावलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

त्याने गोजराकडे बघितलं. तिने मान डोलावल्यावर म्हणाला, "व्हय."

"मग सांगितलं का नाही? संशय तुमच्यावर होता."

"रेश्मा म्हणली हुती. आण्णांना कळू देऊ नका, ते आईला लई बोलतील." मग म्हणाला, "शेवटचं तेवढंच सांगितलं हुतं तिनं. मोडवंना मला."

माझी लेक मरायला टेकली होती आणि तिला काळजी कसली, तर माझ्या तोंडाची. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

बाईंनी त्याला आणखी एक विचारलं, "तेरा तारखेलाच डॉक्टरकडे का नेलं नाही?" मी खुर्चीचा हात घट्ट धरला. शेखरने मान खाली घातली, दारात घातली होती तशीच. म्हणाला, "तवा तिला जरा बरं वाटत हुतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी तोंड उघडलं नाही. आयुष्यभर नको तिथे चाललेलं तोंड, आज जिथे चालायला हवं तिथे चाललं नाही.

सगळ्यांना बाहेर पाठवून बाईंनी मला सहीसाठी थांबवलं. मृत्यू आजाराने झाला, डागांचा मरणाशी संबंध नाही, संशय नाही, असं लिहून पाठवणार म्हणाल्या. मी विचारलं, "बाईसाहेब, मग दुसऱ्या दिवशी तिला बरं कसं वाटलं?"

त्यांनी डॉक्टरांच्या कागदावर बोट ठेवून सांगितलं. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब जातो आणि दुखणं काही वेळ थांबतं. घरच्यांना वाटतं, उतार पडला.

म्हणजे ती ओसरीवर येऊन हसली, तेव्हा ते फुटलेलं होतं.

१८ मे, रविवार

अनुष्काला जांब्याला पोहोचवून आलो. भिरभिरं, बाहुली, कपडे, सगळं पिशवीत घालून. गोजरा येते म्हणाली, मी म्हटलं आज मी एकटा जातो.

शेखरच्या घरासमोर भाडेकरू पोरं नळाला कपडे धूत होती, शेजारपाजारच्या बायका ओट्यावर होत्या. माझं पाऊल पडलं आणि सगळे गप्प झाले. मी उभ्यानेच त्याच्या आईला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इहीणबाई, तुमचा पोरगा तेरा तारखंला तिला डॉक्टरकडं न्यायला आला हुता. जत्रा हाय म्हनून म्या पाठवली न्हाई."

तिने पदराने डोळे पुसले आणि अनुष्काला जवळ घेतलं. शेखर म्हणाला, "मामा, आत या. जेवून जावा."

आमटी-भात होता. मला उठून पळावंसं वाटत होतं. समोर भिंतीवर रेश्माचा फोटो, हार घातलेला. तो वाढत राहिला, मी खात राहिलो. ताट संपेपर्यंत उठलो नाही. निघताना म्हटलं, "शेखरराव, पोरीला अधनंमधनं आणत जावा." तो हो म्हणाला. फाटकापर्यंत पोहोचवायला आला.

१ जून, रविवार

ढग भरून आलेत. बियाण्याचं भात काढलं. दुपारी गोजरा ओसरीवर सूप घेऊन ते निवडत बसली होती. पौडहून आल्यापासून ती रोज वाट बघते आहे, मी कधी ओरडतो याची. मी आत आलो की तिचे खांदे आवळतात. मी ओरडलेलो नाही. ओरडायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, पण हे तिला कसं सांगायचं ते मला येत नाही.

आज मी जवळ जाऊन बसलो. अंगठ्यावरचं काळं नखासोबत वाढत टोकाला आलंय, एकदा नख काढलं की जाईल. ती खाली बघूनच म्हणाली, "अवो, येक इचारू?"

"इचार."

"म्या येवढं केलं, तिला त्यानं थोडं तरी बरं वाटलं असंल ना? रात्री झोपली हुती. सकाळी तुमीच बघितलं. हसली हुती."

बाईंनी मला एकट्याला सांगितलं ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. शेखररावांनाही नाही. जन्मभर जे मनात आलं ते मी बोलून टाकलं, आणि त्याला खरेपणा म्हणत आलो. रेश्मा गप्प राहिली, तो गप्प राहिला, आणि मी दोघांनाही ओळखलं नाही.

"व्हय," मी म्हटलं. "बरं वाटलं हुतं तिला. म्या बघितलं की."

तिने पदर डोळ्यांना लावला. मग परत भात निवडायला लागली. मी दुसरं सूप घेतलं आणि तिच्या शेजारी बसलो.